डॉक्टर होणाऱ्या लेकराच्या मनाचे काय?

मजुराच्या घरातले पोर एम.बी.बी.एस.ला लागले की वस्तीभर पेढे वाटले जातात. सत्कार होतो, हारतुरे होतात. ते झालेच पाहिजे. परंतु सत्कारानंतर त्या पोराच्या मनाची विचारपूस करायला कोणी जात नाही, हे आम्ही अनेक घरांत पाहत आलो आहोत.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे टाळेबंदी लागली. वसतिगृहे रिकामी झाली. मुंबई-पुण्याला, घाटीत शिकणारी आपल्या जालना जिल्ह्यातील मुले अंबड, मंठा, भोकरदनकडे आपापल्या गावी परतली आणि मोबाइलवर तास सुरू झाले.

आम्ही बी.कॉम. शिकलो. जमाखर्च कागदावर शिकता येतो. डॉक्टरकी तशी नाही. मृतदेहाचे विच्छेदन केल्याशिवाय शरीराची रचना कळत नाही. रोग्याची नाडी, पोट, छातीतला आवाज हे सारे त्याच्या खाटेजवळ उभे राहूनच शिकावे लागते. मोबाइलच्या काचेत ते कुठून येणार? जग डॉक्टरांसाठी हाका मारत होते आणि ही मुले घरात बसून विचार करीत होती, 'आपण कच्चे डॉक्टर तर होणार नाही ना?'

त्यात आपली घरे. पत्र्याची एक खोली, वरून मे महिन्याचे ऊन. घरात मोबाइल एक, त्यावर धाकट्याची शाळाही. रेंजसाठी बांधावर जाऊन उभे राहायचे. सळईच्या कारखान्यातले बापाचे काम बंद, मग रिचार्जला पैसे मागायचे कोणत्या तोंडाने? मुलगी असेल तर 'घरीच तर आहेस' म्हणून चूल-भांडी तिच्याच गळ्यात. परीक्षेचाही भरवसा नव्हता. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या एप्रिल २०२१ मध्ये ठरलेल्या परीक्षा दुसऱ्या लाटेमुळे जूनवर गेल्या. अभ्यास संपेना आणि परीक्षा येईना, अशी कोंडी झाली.

साथ गेली, ताण मात्र गेला नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाचा अहवाल २०२४ साली आला. एम.बी.बी.एस.च्या पंचवीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी त्यासाठी माहिती दिली होती. त्यांपैकी सुमारे २८ टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे सांगितले, तर सुमारे १६ टक्के मुलांच्या मनात जीव देण्याचे विचार येऊन गेले होते. म्हणजे शंभरात सोळा! आपल्या मुलांना 'कोट्यातून आला' हा टोमणा ऐकावा लागतो, तो वेगळाच.

२०२४ पासून जालन्यातही १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. आपल्याही घरांतली मुले तेथे जातील. म्हणून मायबापहो, आमचे थोडे ऐका.

पोराचा फोन आला की आधी 'मार्क किती?' विचारू नका. 'जेवलास का? झोप झाली का?' हे विचारा. झोप उडणे, जेवण टाकणे, सारखे चिडणे, फोन न उचलणे, 'माझ्याने होत नाही' असे म्हणणे, ही नाटके नव्हेत. त्याला 'बाहेरचे' समजून अंगारे-धुपारे करू नका. मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरकडे न्या. ताप आला तर दवाखान्यात जायला आपण लाजत नाही, मग येथे कसली लाज? सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस फुकट चालते आणि मराठीत बोलता येते. क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

समाजातील डॉक्टर मंडळींनाही आमची विनंती आहे. सत्काराला जरूर या, पण वर्षभर एका तरी विद्यार्थ्याला अधूनमधून फोन करा. 'मीही एका विषयात नापास झालो होतो' एवढे मोठ्या डॉक्टरने सांगितले तरी त्या पोराच्या डोक्यावरचे ओझे निम्मे उतरते.

पदवी सहा महिने उशिरा मिळाली तरी चालेल. लेकरू मात्र धडधाकट घरी आले पाहिजे.