ओट्यावरचं लिंबू आणि दगडातले दात

नाशिकच्या एका भगिनी विचारतात, “मुलगी सारखी दगड गोळा करते. पुढे भूशास्त्र शिकायचं म्हणते. बायकांचं का हे काम?”

अहो, निम्मं काम तर स्वयंपाकघरातलंच! शहाबादी ओट्यावर लिंबू सांडलं की पांढरा डाग पडतो ना? चुनखडीचा दगड आंबटाने विरघळतो. भूशास्त्रज्ञ असाच दगड व्हिनेगरमधल्याच आम्लात दिवसचे दिवस भिजत घालतात. तळाशी उरतात मोहरीहून बारीक दात, कोनोडाँट नावाच्या, वाम माशासारख्या लांबट समुद्री जीवाचे. हा जीव सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाला. काळागणिक या दातांची घडण बदलत गेली, म्हणून दात पाहून थराचं वय ठरवता येतं.

अमेरिकेतल्या अनिटा हॅरिस या बाईंनी १९७७ साली सहकाऱ्यांबरोबर आणखी एक गोष्ट मांडली. कांदा परतताना रंगावरून आच कळते, तसंच हे. दात पिवळट, मग तपकिरी, मग काळे होतात. त्यावरून खडक किती तापला होता ते कळतं. तेल शोधणाऱ्यांना याचा फार उपयोग झाला.

पांडवलेण्यांच्या डोंगरात मात्र हे दात शोधू नयेत. तो लाव्हारसाचा काळा दगड, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. दात सापडतात हिमाचलातल्या स्पितीकडे.

मुलीला बारावीला विज्ञान घेऊ द्या. तोवर मिठाईचा रिकामा खोका द्या, आणि प्रत्येक दगडावर सापडल्याचं ठिकाण चिकटवायला सांगा. ठिकाण नसलेला दगड अभ्यासाला फारसा उपयोगी पडत नाही.