बयाण्याची बेडी व शेजारधर्म

गरिबाच्या घरी दारिद्र्य का, असे विचारले की पोटभर जेवलेल्या माणसाचे उत्तर ठरलेले असते: हे लोक आळशी, व्यसनी, हाती आले ते उडविणारे. कल्याणच्या आसपास उल्हास व काळू या नद्यांकाठी जी कुटुंबे वीटभट्ट्यांवर राबतात, त्यांस हे उत्तर लावून पाहावे. काळोखात उठून बाप चिखल मळतो, आई विटा थापते, शाळेत असावयाचे पोर कच्च्या विटा उलथविते. यांत आळशी कोण, हे आम्हांस कोणी दाखवून द्यावे.

खरे कारण समजण्यास वर्षाचे महिने मोजले पाहिजेत. मुरबाड, शहापूर, कर्जत या बाजूचे कातकरी व भूमिहीन मजूर पहिल्या पावसाबरोबर भट्टीवरून घरी येतात. लावणीचे चार दिवस मजुरी मिळते. पुढे श्रावण-भाद्रपदात हाताला काम नाही व कणगीत दाणा नाही. त्यातच कोणी तापाने पडतो, कोणाच्या घरी लग्न निघते. अशा वेळी भट्टीवाल्याचा मुकादम बयाणा घेऊन दारात उभा राहतो. घेणाऱ्यास तो देवच वाटतो! पण ज्या दिवशी बयाणा घेतला, त्याच दिवशी पुढील सगळ्या हंगामाची मजुरी त्याच्या हातातून गेली. हजार विटांचा दर मालक ठरविणार, आठवड्याची खर्ची मालक देणार, वही मालकाची आणि वाचता येते तेही मालकालाच. काम सारे घर करते, खाते मात्र एकट्या पुरुषाचे. हंगामाअखेर अंगावर बाकी निघाली की पुढील साली पुन्हा तीच भट्टी.

ही बेडी आपल्या जिल्ह्यास नवी नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी जमीनदाराचे पैसे घेणारा लग्नगडी होई व बायकोसह वर्षानुवर्षे त्याच्या घरी राबे. १९४५ च्या जानेवारीत याच कल्याण तालुक्यात, टिटवाळा येथे, महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. तिला उंबरगावकडील वारली आले होते. त्याच वर्षी शामराव व गोदावरी परुळेकर यांच्याबरोबर उभे राहून वारल्यांनी वेठ नाकारली व लग्नगड्यांस मोकळे केले. पुढे १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद होऊन असली कर्जे रद्द ठरली. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे हीही सक्तीच, असा निकाल दिला. कायदा बेडी तोडतो खरा, पण भाद्रपदात चुलीवर काय ठेवावे, हे कायद्यात लिहिलेले नसते. चूल थंड राहिली की तुटलेली बेडी माणूस आपल्याच हाताने पुन्हा पायात घालतो.

सबब आमचे असे मत आहे की, मदत बयाण्याच्या अगोदर पोचली पाहिजे. लग्नानंतर दिलेली साडी किंवा मेल्यावर जमविलेली वर्गणी त्या घराला सोडवीत नाही. प्रत्येक वाडीने भात झोडणीच्या वेळी घरटी पायली-दोन पायली धान्य एका कोठीत घालावे. अडल्या घरास ते पावसाळ्यात द्यावे व पुढील पिकाला परत घ्यावे. वाढावा मणास पायलीभर पुरे. सावकाराची सवाई-दिढी येथे नको. कोठीचा हिशेब बायांच्या हाती असावा, कारण डब्यात किती दाणे उरले हे त्यांनाच ठाऊक असते. बचत गटांत व भिशीत त्यांनी पैचा हिशेब ठेवून दाखविला आहे. दुखण्यासाठी व लग्नासाठी अशाच एका भिशीत वेगळी रक्कम ठेवावी. आणि लग्नाचा खर्चच आवरावा. सत्यशोधकांनी १८७३ पासून थोड्या खर्चात लग्ने लावली, त्यांचे संसार काही मोडले नाहीत.

आता थोडे कडू बोलतो. भट्टीवाल्यांत आपलेच शेतकरी व कारागीर बंधू पुष्कळ आहेत. ते म्हणतात, बयाणा दिल्यावाचून मजूर येत नाही, आणि घेऊन पळाला तर आम्ही बुडतो. ही अडचण खोटी नाही. तथापि अडचणीत असलेल्याने दुसऱ्याचे पोर राबवावे, असा न्याय कोठे आहे? हिशेबाच्या दोन वह्या असाव्यात, एक मजुराच्या घरी. दर आठवड्याला आकडा मोठ्याने वाचून दाखवावा. नवरा-बायकोची मजुरी वेगवेगळी मांडावी. पोर शाळेत जावे. सावकाराच्या वहीने आपले आजे-पणजे नागवले गेले. तीच वही आपण दुसऱ्यासमोर कोणत्या तोंडाने धरतो?

दारूचा दोष आम्ही झाकीत नाही. बयाण्याचा काही भाग गुत्त्यात जातो आणि तो जाऊ नये. पण न पिणाऱ्याचेही घर याच हिशेबात बुडते, हे टीकाकारांनी ध्यानात घ्यावे.

वाचकहो, कणगी भरलेली असताना भाद्रपद आठवत नाही, म्हणून आताच बोललेले बरे. यंदाच्या झोडणीला आपल्या वाडीत कोठी उभी करा. पहिली पायली ज्याच्या घरी दाणे आहेत त्याने घालावी, आणि भट्टीवाला बंधू वाडीत असेल तर पहिला मान त्याचा.