आश्रितांचें पुढें काय?

सोलापुराहून मिरजेच्या मार्गानें कोल्हापुरास जातांना, मुक्कामाच्या थोडें अलीकडे वळिवडें हें लहानसें स्थानक लागतें. १९४३ पासून १९४८ पर्यंत येथील छावणींत सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित राहत होते, हें कित्येक वाचकांनीं घरांतील वडील मंडळींकडून ऐकलें असेल.

१९४० सालापासून रशियानें पूर्व पोलंडांतील लक्षावधि माणसें सैबेरिया व कझाकस्तान येथें नेऊन टाकलीं. जुलै १९४१ मधील करारानें त्यांची सुटका झाली, आणि त्यांपैकीं कांहीं इराणमार्गें हिंदुस्थानांत पोंचलीं. वळिवड्यास आलेल्यांत स्त्रिया व मुलेंच फार. छावणींत त्यांच्या शाळा निघाल्या, प्रार्थनामंदिर झालें, दवाखाना झाला. अन्नवस्त्राची विवंचना मिटली. पण पुढें जावयाचें कोठें, हा प्रश्न उरला.

त्याचें उत्तर वळिवड्यास ठरावयाचें नव्हतें. फेब्रुवारी १९४५ मध्यें याल्टा येथें रूझवेल्ट, चर्चिल व स्टॅलिन यांनीं पूर्व पोलंड रशियाकडे राहावा असें ठरविलें. जुलैंत इंग्लंड-अमेरिकेनें लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या गांवीं परतावयाचें, तें गांवच परक्या राज्यांत गेलें!

तथापि एक गोष्ट चांगली घडली. सबळ कारणास्तव मायदेशीं जाण्यास ज्यांची हरकत असेल, त्यांच्यावर सक्ती करूं नये, असा ठराव फेब्रुवारी १९४६ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें केला. पुढें कांहीं कुटुंबें पोलंडांत परतलीं. सैनिकांचे आप्त इंग्लंडांत गेले. इतरांनीं ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे दूरचे देश गांठले. रिकाम्या झालेल्या बराकींत फाळणीनें बेघर झालेलीं सिंधी कुटुंबें आलीं. तेंच आजचें गांधीनगर.

हाच प्रश्न पुढें व्हिएतनामी निर्वासितांपुढें उभा राहिला. १९७५ नंतर होड्यांतून निघालेले हे लोक हाँगकाँग व शेजारील देशांच्या छावण्यांत वर्षानुवर्षें अडकले. जून १९८९ मध्यें जिनीव्हा येथें ठरलें कीं, प्रत्येकाची चौकशी व्हावी. छळाच्या भयानें आलेल्यास तिसऱ्या देशानें घ्यावें, बाकीच्यांनीं परत जावें. त्याच डिसेंबरांत हाँगकाँगहून ५१ जणांस त्यांच्या इच्छेविरुद्ध विमानांत बसवून परत धाडण्यांत आलें. चौकशीच्या निर्णयावर सारें अवलंबून होतें, आणि तो निर्णय चुकला तर भोगावें लागणार होतें तें त्या माणसासच.

आपल्या एकत्र कुटुंबांतहि असें घडत नाहीं काय? एखादी निराधार आत्या आश्रयास येते. तिला दोन वेळां जेवूं घालण्यांत कोणी कुचराई करीत नाहीं. पण तिनें यापुढें कोणाकडे राहावयाचें, हें वडीलधारी मंडळी ओसरीवर बसून ठरवितात, आणि ती स्वयंपाकघरांत कान देऊन उभी असते. तिला बाहेर बोलावून, "तुमच्या मनांत काय आहे?" एवढें विचारावयास फारसे कष्ट पडत नाहींत. जिनीव्हा आपल्यापासून दूर आहे. ओसरी आपलीच आहे.