सयाजीबागेत पेट्रोलची गोल्फ कार्ट नको, विजेवरचीच हवी

प्रति,
मा. महानगरपालिका आयुक्त,
वडोदरा महानगरपालिका, खंडेराव मार्केट, वडोदरा.

विषय: सयाजीबागेत (कमाटी बाग) ज्येष्ठ व दिव्यांग नागरिकांसाठी गोल्फ कार्टची सोय करताना ती फक्त विजेवर चालणारी असावी, तसेच चार्जिंग, बॅटरी व सुरक्षिततेच्या अटी निविदेतच घालाव्यात, याबाबत.

महोदय,

आम्ही सयाजीबागेत रोज फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक आणि नातवंडांना घेऊन येणारे आजी-आजोबा आहोत. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत १८७९ साली उभी राहिलेली ही बाग सुमारे ११३ एकरांची आहे. संग्रहालय, प्राणिसंग्रहालय, तारांगण, फुलांचे घड्याळ हे सगळे एका फेरीत पाहायचे तर धडधाकट माणसाचेही पाय दुखतात. गुडघ्यांनी साथ सोडलेली आजी अर्ध्या वाटेत बाकावर बसते, नातू वडिलांचा हात धरून पुढे प्राणी बघायला जातो. सुट्टीच्या दिवशी अशा कितीतरी आज्या त्या बाकांवर वाट पाहत बसलेल्या दिसतात. दिव्यांगांना सार्वजनिक जागी सुलभपणे वावरता यावे, असे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही सांगतो. म्हणून बागेत कार्ट हवी, याबद्दल आमच्यात दुमत नाही. प्रश्न आहे तो कोणती घ्यायची, याचा.

पेट्रोलच्या कार्टची बाजू आम्ही समजून घेतली आहे. टाकी पाच मिनिटांत भरते, दिवसभर गाडी थांबत नाही, चढावर इंजिन दम धरते, आणि चार्जिंगची वेगळी व्यवस्था लागत नाही. लांबलचक, चढ-उतारांच्या गोल्फ मैदानावर हे फायदे मोठे आहेत. सयाजीबागेत मात्र त्यांचा उपयोग थोडा. इथले रस्ते बहुतांशी सपाट, फेरी छोटी, वेग माणसाच्या चालीपेक्षा थोडाच जास्त. दर थांब्यावर माणसे चढणार, उतरणार. पेट्रोलच्या अनेक कार्टमध्ये पाय काढला की इंजिन बंद पडते आणि पेडल दाबले की पुन्हा धडधडत सुरू होते. म्हणजे प्रत्येक थांब्यावर एक हिसका, एक आवाज आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या मुलांच्या तोंडावर धूर. हे दिवसभर पिंजऱ्यांसमोर चालणार. पक्षी आणि हरणे आवाजाला किती बिचकतात, हे आपल्या प्राणिसंग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांना आम्ही सांगायला नको. पहाटे प्राणायामाला बसणाऱ्यांनी, दम्याच्या रुग्णांनी या बागेत यायचे ते हवेसाठीच.

इतर ठिकाणची उदाहरणे आपल्यासमोर आहेतच. आपल्यापासून दोन तासांच्या अंतरावरचे केवडिया फक्त विजेवरच्या वाहनांचे शहर करण्याची घोषणा पंतप्रधानांनी ५ जून २०२१ रोजी केली आणि तिथे स्थानिक महिला ई-रिक्षा चालवू लागल्या. मोटारींना मज्जाव असलेल्या माथेरानमध्येही सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर परवानगी दिली ती ई-रिक्षांनाच. आग्र्याला ताजमहालाजवळ पेट्रोल-डिझेलच्या गाड्या दूर ठेवून बॅटरीची वाहने चालतात. सयाजीबागेने यात मागे राहू नये.

मात्र नुसती विजेवरची गाडी आणून भागणार नाही. बॅटरीची निवड चुकली, तर दोन-तीन वर्षांत गाड्या शेडमध्ये धूळ खात उभ्या राहतील. निविदेत सर्वांत कमी दर बघितला जातो आणि कमी दरात लेड-ॲसिड बॅटऱ्या येतात. त्यांचा संच साधारण दोनशे किलोंचा असतो. झाकणे उघडून डिस्टिल्ड वॉटर नियमित भरावे लागते. ते राहिले की आतल्या प्लेटा उघड्या पडतात आणि गाडी दुपारीच मान टाकते. वडोदऱ्याच्या मे महिन्याच्या उन्हात हे पाणी लवकर आटते. लिथियम बॅटरी महाग असते, पण वजनाने बरीच हलकी असते, तिला पाणी लागत नाही आणि ती जास्त वर्षे टिकते. म्हणून निविदेत फक्त खरेदीची किंमत न पाहता आठ वर्षांचा एकूण खर्च पाहावा, बॅटरीवर लेखी हमी घ्यावी आणि देखभालीचा करार खरेदीबरोबरच करावा, अशी आमची मागणी आहे.

चार्जिंगच्या जागेबद्दल आमचा विशेष आग्रह आहे. बाग विश्वामित्री नदीच्या काठावर आहे. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात शहरात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला; ऑगस्ट २०२४ चा पूर तर आपण सर्वांनी सोसला आहे. चार्जर आणि गाड्या नदीकडच्या सखल भागात ठेवल्या, तर एकाच रात्रीत लाखोंचे नुकसान होईल आणि पाण्यात विजेचा धोका वेगळाच. २०२४ च्या पुराच्या पातळीहून उंच जोत्यावर शेड बांधावी, पुराचा इशारा मिळताच वीज तोडून गाड्या हलवण्याची जबाबदारी ठरावीक अधिकाऱ्यावर द्यावी.

आसनक्षमतेची अट कागदावर राहू नये. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या तलावात क्षमतेहून जास्त माणसे भरलेली बोट उलटली आणि १२ मुले व २ शिक्षिका गेल्या. ते दुःख या शहराने अजून गिळलेले नाही. गाडीवर आसनसंख्या गुजराती, मराठी आणि हिंदीत ठळक लिहावी, एकही जादा प्रवासी घेतल्यास ठेकेदारावर दंड असावा, वेग ताशी १० किलोमीटरच्या वर जाऊ नये आणि चालक प्रशिक्षित असावा. विजेची गाडी आवाज न करता मागून येते. त्यामुळे चालताना वाजणारी मंद घंटी तिला हवीच. व्हीलचेअर चढवण्यासाठी उतरती फळी असलेली निदान एक गाडी घ्यावी. दिव्यांगांना आणि ७० वर्षांवरील नागरिकांना भाडे माफ करावे.

लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात १९३० च्या दशकात गोल्फचे मैदान झाले. गोल्फच्या मैदानासाठी बनलेली ही गाडी आता सामान्य माणसाच्या बागेत यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

निवेदनाची गुजराती प्रत सोबत जोडली आहे. निविदेचा मसुदा अंतिम होण्यापूर्वी आमच्या पाच प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी आणि मसुदा नागरिकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध करावा, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
सयाजीबागेत नियमित येणारे ज्येष्ठ नागरिक व पालक, वडोदरा
(सह्यांची यादी सोबत)