टनेज बाटलीचे की पाण्याचे?



गेल्या गळीत हंगामापासून शेतकी विभागाकडे एकच मागणी येत आहे. उसावर फवारायचे ते 'टॉनिक' कारखान्याने उधारीवर द्यावे व रक्कम ऊसबिलातून कापून घ्यावी. ज्यांनी ते फवारले त्यांचे एकरी टनेज शेजाऱ्यापेक्षा जास्त आले, हे खरे आहे. वजनकाट्याच्या पावत्या आम्हीही पाहिल्या. तरीसुद्धा ही मागणी आज मान्य करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. टॉनिक लागू पडो न पडो, कपात मात्र होणारच.

त्याच सभासदांच्या लागण-नोंदी आम्ही काढून पाहिल्या. फवारणारे बहुतेक पूर्वहंगामीवाले निघाले. ऑक्टोबर-नोव्हेंबरची लागण, ऊस १४-१५ महिने रानात उभा. न फवारणारे बरेचसे सुरूवाले, नाहीतर खोडवेवाले. सुरूला मिळतात जेमतेम १२ महिने. शिवाय बाटलीला पैसा सोडतो कोण? ज्याची विहीर मे महिन्यातही आटत नाही, नाहीतर ज्याचे रान बोर धरणाच्या कालव्याखाली आहे, तो. मग टनेज बाटलीने वाढवले, पाण्याने, की जास्तीच्या महिन्यांनी? पावती ते सांगत नाही. थंडी पडली की साखर उतारा वाढतो आणि बाजारात स्वेटरही खपतात; म्हणून उसाला स्वेटर घालायचे काय?

हसायचे तर आम्हालाही हसा. शिवारफेरीला येणाऱ्यांचे टनेज जास्त, सबब शिवारफेरीने टनेज वाढते, असे आम्हीच एकदा अहवालात लिहून बसलो होतो. मुळात हौशी अन् पाणीवाला शेतकरीच फेरीला येतो, हे एका वयस्कर सभासदाने आमच्या ध्यानात आणून दिले.

यावरची तोड जुनी आहे. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती केंद्रावर फिशरसाहेबांनी १९२०-३० च्या काळात ती घालून दिली. पानसे व सुखात्मे यांच्या १९५४ च्या ग्रंथातून आपल्याकडचे कृषी संशोधक ती शिकले. एकच रान, एकच बेणे, एकाच दिवशी लागण. बांधाकडच्या सऱ्या सोडून सारखे आठ पट्टे आखायचे आणि कोणत्या चारांवर फवारायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. आपल्या मनाने निवडायला गेलो की हात चांगल्या पट्ट्यावरच पडतो! खत-पाणी सर्वांना सारखे, वजन मात्र प्रत्येक पट्ट्याचे वेगळे.

देवळी, सेलू व हिंगणघाटकडील दोन-दोन सभासदांनी रान द्यावे. पट्टे आखायला आम्ही स्वतः येऊ, तोडणीच्या वेळी मुकादमाची समजूतही आम्हीच घालू. वजने बाटलीच्या बाजूने येवोत वा विरुद्ध, याच पत्रिकेत छापू.