कुटुंबात स्वागत; सातबाऱ्यावर नाव नाही

माझी पहिली गाडी ज्या ब्रँडची होती, तो ब्रँड मी गाडी घेण्याआधीच मेला होता. २०११ साल, ओहायो राज्य, खिशात विद्यार्थ्याचे पैसे. नऊशे डॉलरमध्ये १९९३ची सॅटर्न मिळाली. विकणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या, नजर कमी झाली म्हणून गाडी काढत होत्या. किल्ली देताना त्यांनी मला एक पोलरॉइड फोटो दाखवला. दिला नाही, फक्त दाखवला. फोटोत त्या, नवी कोरी गाडी, आणि मागे टाळ्या वाजवणारे शोरूममधले दहा-बारा लोक. मेकॅनिकसुद्धा हातातलं काम टाकून बाहेर आले होते, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

मला तेव्हा हसू आलं होतं. कंपनी गाडी विकते आणि तुम्ही तिचा फोटो अठरा वर्षं जपता? आता हसू येत नाही. राग येतो, आणि तो त्या बाईंचा नाही.

सॅटर्न ही जनरल मोटर्सची पोरगी. १९८५च्या जानेवारीत कंपनीचे अध्यक्ष रॉजर स्मिथ यांनी तिची घोषणा केली. जपानी छोट्या गाड्यांनी अमेरिकन बाजार खाल्ला होता आणि डेट्रॉइटला छोटी, टिकाऊ गाडी जमत नव्हती. म्हणून सगळंच वेगळं करायचं ठरलं: वेगळी कंपनी, टेनेसीतल्या स्प्रिंग हिल गावात वेगळा कारखाना, वेगळे डीलर, आणि कामगारांशी वेगळा करार. ३० जुलै १९९० रोजी पहिली गाडी बाहेर पडली. तिच्यात रॉजर स्मिथ होते आणि शेजारी ऑटो कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष ओवेन बीबर. स्मिथ दुसऱ्याच दिवशी निवृत्त झाले. (पोरगी सासरी पाठवून बापाने लगेच गाव सोडावं, तसं.)

गाडी म्हणून ती काही थोर नव्हती. इंजिनाचा आवाज यायचा, आतलं प्लास्टिक स्वस्तातलं दिसायचं, आणि त्या इंजिनांना ऑइल पिण्याची सवय आहे हे मालकांमध्ये सर्वांना ठाऊक होतं. आत पोलादी सांगाडा, टप-बॉनेट-डिकी पोलादाची, पण दारं आणि फेंडर पॉलिमरचे. पार्किंगमध्ये कुणी ट्रॉली आपटली तरी पोचा पडत नसे. उन्हात प्लास्टिक फुगतं म्हणून पॅनेलांमधल्या फटी मात्र चांगल्या रुंद ठेवलेल्या.

मग लोक वेडे का झाले? यातली पहिली गोष्ट आजच्या ब्रँडवाल्यांना कळतच नाही असं मला वाटतं. सॅटर्नच्या शोरूममध्ये भाव ठरलेला असे. घासाघीस नाही. ऐकायला किरकोळ वाटतं. पण अमेरिकेत गाडी घेणं म्हणजे तेव्हा अर्धा दिवस सेल्समनशी कुस्ती. तो ‘मॅनेजरला विचारून येतो’ म्हणून आत जाणार, तुम्ही ताटकळणार, तो पडलेला चेहरा घेऊन परत येणार. आणि या कुस्तीत सगळ्यांना एकच आखाडा नव्हता. इयन एअर्स या कायद्याच्या अभ्यासकाने शिकागो परिसरातल्या शोरूममध्ये वेगवेगळी माणसं पाठवून पाहिलं. सगळ्यांना बोलायला एकच पद्धत शिकवलेली. १९९१मध्ये निष्कर्ष छापून आले: गोऱ्या पुरुषांपेक्षा गोऱ्या बायकांना जास्त भाव सांगितला जात होता, आणि कृष्णवर्णीय पुरुषांना व स्त्रियांना त्याहूनही जास्त.

आता तो फोटो पुन्हा पाहा. एकटी बाई शोरूममध्ये जाते, पाटीवर लिहिलेला भाव देते, आणि शेजाऱ्यानेही तेवढाच दिला हे तिला माहीत असतं. तिने जपलेला फोटो गाडीचा नव्हताच. आपल्याला कुणी फसवलं नाही, याचा तो पुरावा होता.

दुसरी गोष्ट. १९९१मध्ये एका पुरवठादाराचं कूलंट सदोष निघालं. ते बदलून ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ म्हणता आलं असतं. सॅटर्नने अठराशेच्या वर गाड्याच बदलून दिल्या. १९९३मध्ये वायरिंगच्या दोषासाठी साडेतीन लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, तेव्हा काही डीलरांनी मालकांना बार्बेक्यूचं जेवण घातलं. १९९४च्या जूनमध्ये कंपनीने मालकांना कारखान्यावर बोलावलं आणि सुमारे ४४ हजार माणसं स्वतःच्या गाड्या हाकत स्प्रिंग हिलला पोचली. माझ्या गाडीच्या मूळ मालकीणबाई त्यांत होत्या. त्यांना आठवत होता तो पाऊस, आणि दाराचं पॅनेल बसवणाऱ्या एका कामगाराशी झालेल्या गप्पा. त्या वर्षी सुमारे २ लाख ८६ हजार सॅटर्न विकल्या गेल्या. तो आकडा पुन्हा कधीच गाठला गेला नाही.

यानंतर काय झालं ते मॅनेजमेंटचे मास्तर असं शिकवतात: सॅटर्न हा ‘ब्रँड प्रेमाचा’ अजोड नमुना, पण बाजार बदलला, युनियन महाग पडली, ग्राहक मोठ्या गाड्यांकडे वळले. मला हे खोटं वाटतं. बाजार बदलला हे खरंच, पण बदलत्या बाजारात पोरीला जेवायलाच दिलं नाही, हे मास्तर सांगत नाहीत. पहिल्या सॅटर्नचा मूळ साचा १९९०पासून २००२पर्यंत तोच राहिला. वरचा पत्रा आणि आतला डॅशबोर्ड बदलला, पाया नाही. स्पर्धक कंपन्या तेवढ्या काळात दोन-दोन पिढ्या पुढे गेल्या. पैसा नव्हता असं नाही. पण घरात शेव्हरोले, पाँटिअॅक, ओल्ड्समोबिल अशा थोरल्या बहिणी होत्या, आणि धाकटीवर खर्च झालेले अब्जावधी डॉलर त्यांच्या डोळ्यांत सलत होते.

मोठी गाडी अखेर मिळाली ती युरोपातल्या ओपेलच्या सांगाड्यावरची, आणि ती डेलावेअरच्या कारखान्यात बनली, स्प्रिंग हिलमध्ये नव्हे. वेगळा कामगार करारही गेला. युनियन आणि व्यवस्थापनाने एकत्र निर्णय घ्यायचे, पगाराचा काही भाग उद्दिष्टांशी बांधायचा, असा तो करार होता. २००३च्या अखेरीस कामगारांनीच मत देऊन तो सोडला आणि ते जनरल मोटर्सच्या सर्वसाधारण करारात परतले. पुढे प्लास्टिकची दारंही गेली. उरलं काय? लोगो. कंपनीला वाटलं, लोकांचं प्रेम लोगोवर आहे, तो कशावरही चिकटवता येतो.

प्रेम लोगोवर नव्हतं. ते एका ठरलेल्या भावावर होतं, आणि दार बसवणाऱ्या माणसाला लाइनवर काही बोलता येतं, यावर होतं. या गोष्टी जाहिरात एजन्सीने बनवल्या नव्हत्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या हॅल रायनी यांच्या एजन्सीने त्या सुंदर दाखवल्या, एवढंच.

आणि मग आयन. ही २००३ मॉडेलपासूनची सॅटर्न, स्प्रिंग हिलमध्येच बनलेली. तिच्या इग्निशन स्विचमधला एक तुकडा ढिला होता. किल्लीला जड जुडगा असला किंवा चाक खड्ड्यात आदळलं, तर किल्ली आपोआप मागे सरके. चालू गाडीचं इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई, आणि टक्कर झाली तर एअरबॅग उघडत नसे. आयन बाजारात येण्याआधी, २००१मध्येच, चाचणीच्या गाड्यांमध्ये हा दोष कंपनीच्या कागदांवर नोंदला गेला होता. सुधारलेला स्विच पुढे गुपचूप बसवला गेला, तोही जुन्याच पार्ट नंबरने, म्हणजे शोधणाऱ्याला फरक कळू नये. गाड्या परत बोलावल्या गेल्या २०१४मध्ये. हाच स्विच शेव्हरोले कोबाल्ट आणि इतर मॉडेलांतही होता. एकूण सुमारे २६ लाख गाड्या, आणि भरपाई निधीने मान्य केलेले मृत्यू १२४. सुधारलेल्या स्विचचा वाढीव खर्च गाडीमागे एका डॉलरहूनही कमी होता.

कूलंट खराब निघालं म्हणून अठराशे गाड्या बदलून देणारा ब्रँड तो हाच. दहा-बारा वर्षांत तिथून इथे.

मधल्या काळात, २००९च्या जूनमध्ये, जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली आणि कोर्टातून ‘नवी’ कंपनी होऊन बाहेर आली. सॅटर्न रॉजर पेन्स्के यांना विकायची बोलणी झाली. गाड्या पुरवणारा तिसरा कारखानदार मिळेना, म्हणून ३० सप्टेंबरला तीही फिसकटली. पुढच्या वर्षभरात शोरूम बंद. आणि २०१४मध्ये स्विचचे दावे आले, तेव्हा नव्या कंपनीने कोर्टात म्हटलं की २००९ आधीच्या दोषांची जबाबदारी जुन्या कंपनीची, आमची नाही. वरच्या कोर्टाने २०१६मध्ये ते पूर्णपणे मानलं नाही, ही गोष्ट निराळी. पण युक्तिवाद लक्षात ठेवा: टाळ्या वाजवताना आपण एकच कुटुंब, आणि मेलेल्यांचा हिशोब मागितला की ते कुटुंब दुसरंच होतं.

‘अमेरिकेतली जुनी गोष्ट, आम्हाला काय त्याचं’ म्हणणाऱ्यांनी जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने तळेगावकडे जाऊन यावं. हीच जनरल मोटर्स तिथे २००८पासून गाड्या बनवत होती. २०१७च्या मेमध्ये तिने जाहीर केलं की वर्षअखेरपासून भारतात शेव्हरोले विकणार नाही. कारखाना निर्यातीसाठी चालू राहिला आणि डिसेंबर २०२०मध्ये थांबला. हजाराहून अधिक कामगारांचा तंटा मग कोर्ट-कचेऱ्यांतून फिरत राहिला. कारखाना आता ह्युंदाईचा आहे. बीट आणि स्पार्क घेतलेल्यांपैकी कितीजणांनी डिलिव्हरीच्या दिवशी नारळ फोडून फोटो काढला असेल!

आज आपल्याकडच्या शोरूममध्येही गाडीवर लाल कापड घालतात, घंटा वाजवतात, केक कापतात आणि ‘आमच्या कुटुंबात स्वागत’ असं लिहिलेल्या फलकामागे तुम्हाला उभं करतात. उभे राहा. केकही खा. पण टाळ्या थांबल्या की सेल्समनला विचारा, तुमच्या आधीच्या माणसाला हीच गाडी केवढ्याला दिली. अॅक्सेसरीज आणि इन्शुरन्समध्ये किती फरक पडला तेही विचारा. मग त्याचा चेहरा बघा.

माझी सॅटर्न २०१५पर्यंत चालली. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने खालचा सांगाडा खाल्ला होता. भंगारवाल्याने वजनावर घेतली. दारं धरून त्याने सांगितलं, याचे पैसे नाही मिळणार, प्लास्टिक आहे. मी गाडी देतोय हे कळवायला त्या बाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, दारं कशी आहेत? मी म्हटलं, एकही पोचा नाही.