मवाळ मुल्ला, जहाल मुल्ला आणि आपण



इराणचा विषय निघाला की आपले शहाणे लगेच दोन ढीग करतात. हे मवाळ, ते जहाल. मवाळांना हात द्या, सगळं ठीक होईल! मी गिरणीत पाळी भरणारा माणूस. मला नाय पटत हे.

शहाचं तख्त कुणी हलवलं? १९७८ च्या अखेरीस तेल कामगारांनी संप केला, तेल थांबलं, शहा पळाला. कारखान्या-कारखान्यांत कामगारांनी आपल्या 'शूरा' उभ्या केल्या. शूरा म्हणजे पंचायत. फेब्रुवारी १९७९ मध्ये खोमेनींनी पंतप्रधान नेमला मेहदी बाझरगान. इंजिनियर, सभ्य, मवाळ. या मवाळाच्या सरकारला शूरा खुपल्या. कारखाना मॅनेजरच चालवणार, म्हणाले. नोव्हेंबरात बाझरगान गेले, जहाल बसले. त्यांनी शूरा मोडल्या आणि मर्जीतली इस्लामी मंडळं कामगारांच्या डोक्यावर बसवली. एकानं दोरी वळली, दुसऱ्यानं आवळली.

बायांचंही तेच. ८ मार्च १९७९ ला तेहरानच्या रस्त्यावर बाया उतरल्या, बुरख्याची सक्ती नको म्हणून. सक्ती नाही, असं सांगून सरकारनं वेळ मारून नेली. १९८३ मध्ये उघड्या डोक्याला ७४ फटक्यांची शिक्षा कायद्यात आली. १९९७ ला मवाळ खातमी भरघोस मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले, आठ वर्षं राहिले. सक्ती तिथंच. कारण लोकांनी निवडलेल्या संसदेचं विधेयक बारा जणांचं पालक मंडळ अडवू शकत होतं, आणि त्यातले सहा धर्मपंडित सर्वोच्च नेत्यानं नेमलेले. २०२२ च्या सप्टेंबरात बावीस वर्षांची महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात मेली.

फरकच नाही, असं मी म्हणत नाही. कैद्याला सैल बेडीही बरी वाटते. पण देवाच्या नावानं हुकूम सोडायचा हक्क कुणाचा, हा प्रश्न मवाळानं कधी विचारलाच नाही. बाबासाहेबांनी १९२७ ला महाडात मनुस्मृती जाळली. मवाळ मनू शोधत बसले नाहीत.

आणि हे वाचून कुणी शेंडीवाला टाळ्या पिटू लागला, तर त्याला थांबवा. माझ्या शेजारच्या साच्यावरचा मुसलमान कामगार खोमेनी नाही. त्याचा पगार माझ्याएवढाच, त्याची खोकलाही माझ्यासारखाच कापसाचा. धर्माची सत्ता तिथं दाढी लावून आली, इथं टिळा लावून येते.

तेव्हा पोरांनो, मवाळ की जहाल, हे विचारूच नका. विचारा: कामगाराला संघटना करता येते? बाईला नाही म्हणता येतं? धर्म सोडणारा जिवंत राहतो?

जय भीम.